ओडेसा टिलमनचा हार

काम साधंच होतं. कपाटातला हार घ्यायचा, पिशवीत घालायचा, बसने म्युझियममध्ये न्यायचा आणि मिस्टर हॅलमच्या टेबलावर ठेवायचा. एवढं काम उदयला जमेल असं त्याच्या वडिलांना वाटलं, हेच नवल. मेडिकलचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून आलेल्या मुलावर सबनीसांच्या घरात त्याहून मोठं काम कुणी सोपवत नव्हतं.

हार चंदनाचा होता. पातळ सालींची वळवलेली फुलं, मधे सोनेरी मणी, खाली गोंडा. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या तसबिरीला घालतात तसला. डॉक्टर पद्माकर सबनीस दर भारतभेटीत पुण्याहून असे दोन-चार आणून ठेवायचे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळींपैकी कुणाचे आईवडील तिकडे वारले की फोन यायचा आणि हार तयार असायचा. जिवंतपणी ज्यांना भेटायला रजा मिळाली नाही, त्यांच्या फोटोला चंदन. उदय हे एकदा जेवताना बोलला होता. त्यानंतर आठवडाभर डॉक्टर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि तो आठवडा घरात फार शांततेत गेला.

१९९१चा ऑक्टोबर होता. म्युझियम शहराच्या जुन्या भागात, कालव्याकडे पाठ करून उभं. उदय तिथे अटेंडंट होता, म्हणजे गॅलरीत खुर्चीवर बसायचं आणि कुणी फार पुढे वाकलं की हात लावू नका म्हणायचं. त्या महिन्यात म्युझियमने ओडेसा टिलमन नावाच्या बाईची पाटी लावायचं ठरवलं होतं. ओडेसा अमेरिकेतल्या जॉर्जियाची, काळी बाई. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी अमेरिकन सैन्यातल्या काळ्या बायकांची एक तुकडी बर्मिंगहॅमला टपाल निवडायला आली होती, त्यात ती होती. बाकीच्या परत गेल्या. ही काही वर्षांनी पुन्हा आली आणि म्युझियममध्ये पुतळ्यांच्या साचेकामाला लागली. त्या इमारतीत नोकरी मिळालेलं ते पहिलं काळं माणूस. मरेपर्यंत तिथेच राबली, आणि मेल्यावर वीस वर्षं कुणाला तिची आठवण झाली नाही.

मग कौन्सिलने सुचवलं की अशा कुणाचा तरी सन्मान करा, आणि एखादी कम्युनिटी सोबत घ्या. क्युरेटर मिस्टर हॅलमने सगळ्या मंडळांना विचारलं. होकार फक्त मराठी मंडळाचा आला, कारण समारंभाला मेयर येणार होते आणि मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे डॉक्टर सबनीसांना, मेयरशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा होता. शेजारचं घर एका जमेकन कुटुंबाने घेतलं तेव्हा हेच डॉक्टर "आता एरिया गेला" म्हणाले होते. मंडळात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ओडेसाचं काम उदयच्या डोळ्यांसमोरच असायचं. त्याची खुर्ची पोशाखांच्या गॅलरीत होती. जुनं कापड उजेडाने विरतं म्हणून तिथे दिवे कायम मंद. डांबरगोळ्यांचा वास, आणि अर्धवट अंधारात दोन्ही बाजूंना पुतळे. टोपीवाली राणी, सावकाराची बायको, गिरणीतली पोर, लग्नाच्या झग्यातली नवरी. चेहरे कोरे, नाक-डोळे नसलेले. पण हात मात्र खऱ्यासारखे, नखांसकट, नसांसकट.

हे सगळे हात एकाच बाईचे आहेत, हे त्याला मिसेस बेकफर्डने सांगितलं होतं. व्हर्ना बेकफर्ड म्युझियमची झाडलोट करायची. जमेकाहून तरुणपणी आलेली, समोरच्या दातांत मोठी फट, आणि बर्मिंगहॅमच्या बायका करतात तसं समोरच्याला सरसकट 'बॅब' म्हणणारी. त्या इमारतीत उदयला जेवलास का म्हणून विचारणारी ती एकटीच होती. घरीसुद्धा आजकाल ते कुणी विचारत नव्हतं. घरी विचारायचे, पुढे काय.

ओडेसाच्या शेवटच्या वर्षांत व्हर्ना तिच्या हाताखाली होती. ती सांगायची, तासन् तास प्लास्टरमध्ये हात घालून बसायला कुणी तयार नसायचं, म्हणून ओडेसाने स्वतःचेच साचे काढले. डावी करंगळी आत वळलेली होती, तशीच प्रत्येक पुतळ्याला आली. राणीलाही. हातांना वरून गुलाबी रंग दिलेला, पण टवका उडाला की खाली पांढरं प्लास्टर दिसत नाही, तपकिरी दिसतं. ओडेसा आधी आपला रंग लावायची आणि मग त्यावर साहेबांना हवा तो.

"आणि तिचा फोटो?" उदयने विचारलं होतं.

"फोटो तीच काढायची, बॅब. जो काढतो, तो फोटोत नसतो."

समारंभाच्या दिवशी गॅलरीत खुर्च्या मांडल्या. मंडळाच्या बायका सिल्कच्या साड्यांवर जाड कोट घालून आल्या. समई आली, हळदकुंकू आलं. मंडळातल्या सुलक्षणाकाकू निरांजन घेऊन उभ्या राहिल्या. स्टँडवर एक मोठा केलेला फोटो कापडाखाली झाकून ठेवला होता. मिस्टर हॅलमला जुन्या खोक्यात सापडलेला, म्युझियमचा कोट घातलेल्या काळ्या बाईचा एकुलता एक फोटो. मेयर येण्याआधी डॉक्टरांनी कापडाचा कोपरा उचलून सगळं सरळ आहे ना ते पाहिलं, तेव्हा उदय त्यांच्या मागेच होता.

नवरीच्या पुतळ्याशेजारी उभी असलेली तरुण पोरगी. हसत होती. समोरच्या दातांत फट.

"बाबा, ही ओडेसा नाही. ह्या मिसेस बेकफर्ड आहेत. तुम्ही आत्ता ज्यांच्याकडून चहा घेतलात, त्या."

डॉक्टरांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा मागे चहाच्या ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या व्हर्नाकडे. त्यांना कळलं. ते कळलेलं उदयने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि ते तो कधीच विसरणार नव्हता.

"आता गप्प बस," ते मराठीत, ओठ न हलवता म्हणाले. "सगळे बसलेत. कोणाला कळणार आहे? नंतर बदलू."

"अहो, जिवंत आहेत त्या."

"उदय. पुरे."

मग कापड निघालं. टाळ्या झाल्या. सुलक्षणाकाकूंनी फोटोच्या काचेवर कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. डॉक्टर सबनीसांनी चंदनाचा हार दोन्ही हातांनी उचलून फोटोला घातला आणि खणखणीत आवाजात, मृतात्म्याला शांती लाभो अशी प्रार्थना आधी मराठीत आणि मग मेयरसाठी इंग्रजीत म्हटली. दोन मिनिटं सगळे मान खाली घालून उभे राहिले. मान खाली न घातलेली माणसं दोनच. उदय, आणि मागे ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून उभी असलेली व्हर्ना.

ती आधी हसली. नंतर कप धुताना तिने त्याला हळूच विचारलं की त्या हाराचा अर्थ काय. तो म्हणाला, मान देण्यासाठी घालतात.

"मग सगळ्यांनी माना खाली का घातल्या, बॅब?"

त्याने पुढचा कप पुसायला घेतला. ती पुन्हा हसली, पण तिने पाण्यातून हात काढून कोपरापर्यंत चोळला, थंडी वाजल्यासारखा.

फोटो हारासकट गॅलरीच्या भिंतीवर लागला, खाली पितळी पाटी. उदयने हॅलमला सांगितलं. हॅलम म्हणाला, पेपरात छापून आलंय, मेयरनी अनावरण केलंय, आता जरा थांबू या. डॉक्टर म्हणाले, पुढच्या मीटिंगला विषय घेतो. दोघेही शिकलेले, दोघेही सभ्य. आपली चूक झाकायला दुसऱ्याचा जीव पांघरूण म्हणून वापरायचा, यालाच ह्या लोकांत मॅच्युरिटी म्हणतात, असं उदयला तेव्हा कळलं.

आणि व्हर्ना थकायला लागली.

झोप न झाल्याचा थकवा नव्हता तो. ती मॉप घेऊन उभी राहायची आणि कुठे निघालो होतो ते विसरल्यासारखी तशीच राहायची. सांगायची, बस स्टॉपवर हात केला तरी ड्रायव्हर थांबत नाही. दुकानात तिच्या मागचा माणूस पुढे होतो आणि दुकानदार त्यालाच काय हवं विचारतो. "सवय आहे मला त्याची," ती म्हणाली, "पण आता मुद्दाम नाही करत ते. त्यांना खरंच मी दिसत नाही." स्टाफरूममध्ये चहा करताना सगळ्यांचे कप निघायचे, तिचा राहून जायचा. एके दिवशी उदय तिच्या शेजारी बसला आणि त्याला वास आला. फिनेलचा नाही, साबणाचा नाही. चंदनाचा. तिच्या केसांतून, तिच्या श्वासातून.

तिची डावी करंगळी आत वळली होती.

"ही केव्हापासून?"

तिने हाताकडे पाहिलं. "मॉप धरवत नाही," एवढंच म्हणाली.

त्याच दिवसांत गॅलरीत टवके पडायला लागले. उदय सकाळी दिवे लावायला जायचा तेव्हा पुतळ्यांच्या पायांशी गुलाबी रंगाची भुकटी पडलेली असायची. आधी थोडी. मग बोटांच्या आकाराचे पापुद्रे. राणीच्या हातांचे पंजे तपकिरी झाले, मग सावकारिणीचे. हॅलम म्हणाला, दमटपणा. पण नवरीचे हात दमटपणाने हलणं शक्य नव्हतं. तिचे हात पूर्वी पोटाशी एकावर एक ठेवलेले असायचे. आता ते थोडे पुढे आले होते, तळवे वर. काही मागावं तसे.

उदयने घरी पुन्हा विषय काढला. म्हणाला, हार काढा, निदान हार तरी काढा. डॉक्टरांनी पेपर खाली केला आणि विचारलं की मेडिकलला असताना हेच शिकत होता का. ह्याला अंधश्रद्धा म्हणतात. मग त्यांनी उठून देवघरातला दिवा लावला, कारण दिवेलागण झाली होती.

डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं. त्या दिवशी व्हर्ना कामावर दिसली नव्हती. त्याच्या आदल्या दिवशीही नाही. उदयने विचारलं तेव्हा स्टाफरूममधल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, कोण बेकफर्ड असं विचारल्यासारखं. म्युझियम बंद करायची वेळ झाली होती. गॅलरीच्या दारातच त्याला तो वास लागला, इतका दाट की डांबरगोळ्या त्याखाली बुडून गेल्या होत्या.

त्याच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं.

"मिसेस बेकफर्ड?"

"बॅब..." आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. "दोन दिवस इथेच आहे मी. तू समोरून गेलास. दोनदा..."

तो जवळ गेला. ती होती. पण खुर्चीच्या पाठीच्या काठ्या तिच्यातून दिसत होत्या की अंधारामुळे तसं वाटत होतं, ते त्याला नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही. भिंतीवरच्या फोटोतली पोरगी मात्र अगदी ठसठशीत दिसत होती. गालांवर रक्त. ओठ ओलसर.

"ओडेसा रागावलेली नाही," व्हर्ना म्हणाली. "थकलीय फक्त... तिला वाटलं, तिच्यासाठी आणलंय काहीतरी. इतक्या वर्षांनी... आणि मग तिने पाहिलं, कुणाच्या गळ्यात घातलं ते."

उदय स्टुलावर चढला. हार दोन्ही हातांत धरला. चंदनाच्या साली, वजन ते किती असणार. पण तो ओल्या दोरखंडासारखा जड होता, आणि कोमट. माणसाच्या गळ्यातून काढल्यासारखा कोमट. तो उतरवताना फोटोच्या काचेमागे कुणीतरी लांब श्वास सोडल्याचा आवाज झाला. किंवा तो श्वास मागे खुर्चीतून आला असेल.

तो वळला. गॅलरीतल्या एकाही पुतळ्याचे हात आता जागेवर नव्हते. राणीचे, गिरणीतल्या पोरीचे, सगळ्यांचे हात पुढे आलेले. सगळे तपकिरी. प्रत्येक डावी करंगळी आत वळलेली. घाईने नाही, हिसकावून घेण्यासाठी नाही. रांगेत उभं राहून राहून पाय दुखलेली माणसं हात पुढे करतात, तसे.

काय करावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने तो हार नवरीच्या ओंजळीत ठेवला.

"तुमचाच आहे," तो म्हणाला. मराठीत म्हणाला की इंग्रजीत, तेही त्याला आठवत नाही.

व्हर्ना खुर्चीतून उठली, सावकाश, गुडघ्यांवर हात टेकून, आणि तिच्या गुडघ्यांचा कटकन आवाज झाला. तो आवाज ऐकून उदयला रडू फुटलं, कारण तो हाडामांसाच्या माणसाचा आवाज होता.

त्याने फोटो भिंतीवरून काढून तिलाच दिला. दुसऱ्या दिवशी हॅलमने त्याला कामावरून काढलं, आणि ते त्याला बरंच वाटलं. व्हर्ना बरी झाली. करंगळी सरळ झाली, बस थांबायला लागली. पण त्याला कामावरून काढलं त्या सकाळी नवरीची ओंजळ रिकामी होती. गॅलरी रात्रभर कुलूपबंद होती, आणि हार कुठेच नव्हता.

चार-पाच दिवसांनी उदय दुपारी घरी आला तर डॉक्टर खुर्चीत डोळे मिटून पडले होते. हा माणूस दिवसा कधी झोपत नसे. दोन ऑपरेशनं करून येऊन मंडळाच्या मीटिंगला जायचा.

"थकलोय रे," ते डोळे न उघडता म्हणाले. "हॉस्पिटलात आज... माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. मी बोलतोय, आणि सगळे दुसरीकडे बघतायत."

उदयने शेकोटीवरच्या कट्ट्याकडे पाहिलं. मेयरशेजारी हसत उभे असलेले डॉक्टर, चांदीच्या फ्रेममध्ये. फ्रेमला चंदनाचा हार.

आई, मधुमतीबाई, स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. उदयने विचारलं, हार कुणी घातला.

"तूच ना? मला वाटलं, चेष्टा केलीस. तुझं काही सांगता येत नाही." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "अरे, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का? मी काढायला गेले, तर निघेचना."

उदय फोटोसमोर उभा राहिला. काचेवर गुलाबी भुकटीचे ठसे होते, पाच बोटांचे, करंगळीचा आत वळलेला. मागे खुर्चीतून डॉक्टरांचा श्वास येत होता, लांब लांब अंतराने. कोणाला कळणार आहे, नंतर बदलू. ते दोन शब्द त्याच्या जिभेवर आले. नंतर बदलू. किती सोपं होतं. हात खिशात ठेवायचे आणि चहा प्यायला आत जायचं.

तो तिथे किती वेळ उभा होता, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

मग त्याने हात पुढे केले. हार सहज निघाला. त्याच्या हातात तर तो लगेच आला, ओळखीच्या माणसासारखा.

डॉक्टरांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि चहा अजून का झाला नाही ते विचारलं. आभार मानायची पद्धत त्या घरात नव्हती.

हार टाकून द्यायची उदयची छाती झाली नाही. टाकला तर कुठे जाऊन, कुणाच्या गळ्यात पडेल कोण जाणे. ज्याच्यासाठी आणला होता त्याला तो पोचेपर्यंत फिरतच राहणार. म्हणून तो ओडेसाचा चेहरा शोधत हिंडला. लायब्ररीत त्या तुकडीचा एक जुना फोटो मिळाला. गणवेशातल्या शेकडो काळ्या बायका, रस्त्यावरून कूच करताना. त्यांतली कोणतीही ओडेसा असेल. व्हर्नाने भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली. त्यांतल्या कितीतरी अजून जिवंत असतील, कुठे कुठे, नातवंडांत. चुकीच्या गळ्यात पुन्हा हार घालायचा? त्याने फोटो परत केला.

पुढे तो बेसिंगस्टोकला गेला, एका गोदामात नोकरी धरली, वरच्या मजल्यावर भाड्याची खोली घेतली. भिंती कोऱ्या. तो कुणाला आपला फोटो काढू देत नाही. पार्टीत कॅमेरा निघाला की हा बाहेर सिगारेट ओढायला जातो. आई विचारते, तब्येत बरी आहे ना, आवाज थकल्यासारखा येतो. तो म्हणतो, कामाचा ताण आहे. हार बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पलंगाखाली. डब्याला दोरी. रोज झोपण्यापूर्वी तो डबा हलवून बघतो. आत चंदनाची कोरडी सळसळ झाली की मग दिवा बंद करतो.

गेल्या रविवारी सकाळी त्याला जाग आली ती वासाने. पलंगासमोरच्या कोऱ्या भिंतीत, डोळ्यांच्या उंचीवर, एक खिळा होता. घट्ट ठोकलेला, रिकामा. खाली गालिच्यावर चिमूटभर गुलाबी भुकटी.

त्या खोलीत हातोडी कधीच नव्हती.

त्याने वाकून पलंगाखालचा डबा ओढला. दोरीची गाठ त्याने मारली होती तशीच होती. डबा हलका लागला, आणि हलवला तर आत सळसळ नव्हती.